सकाळी जुना, दुपारी नवा

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. किती जुना, हे सांगणारा कागद माझ्या पाठीवर चिकटवलेला आहे, पण त्यावरची शाई केव्हाच उडून गेली. माझा रंग कधीकाळी पांढरा होता. आता तो चहात भिजलेल्या कागदासारखा दिसतो. माझ्या पोटात एक पंखा आहे आणि तो दिवसभर घरघरतो, थकलेला माणूस जिना चढताना श्वास घेतो तसा. मी माझी गोष्ट सांगायला बसलो आहे, पण मला हळूहळू सांगू द्या. घाई आता झेपत नाही.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पट्ट्यावरून माझा पत्र्याचा रिकामा सांगाडा पुढे सरकत होता आणि दोन्ही बाजूंचे हात त्यात एकेक अवयव बसवत होते. एका हाताने प्रोसेसर बसवला. तो बत्तीस बिटांचा होता आणि त्या वर्षी त्याची फार ऐट होती. दुसऱ्या हाताने एक जीबी मेमरी बसवली. "एवढी याला आयुष्यभर पुरेल," असे तो हात ज्याचा होता तो माणूस म्हणाला. मित्रांनो, कुणाच्याही बाबतीत असे म्हणू नये. आयुष्य अपेक्षेपेक्षा लांब निघाले की पंचाईत होते.

तिथून मी आलो तो थेट एका कान-तपासणी केंद्रात. केंद्र म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत एक बाक, एक टेबल आणि टेबलावर मी. आतली खोली अगदी लहान. तिचे दार जाड, भिंतींना आवाज गिळणारा फोम, आणि दोन खोल्यांच्या मध्ये एक काचेची खिडकी. आत इतकी शांतता असते, की माणसाला स्वतःचे गिळणेही ऐकू येते. मी ती खोली कधी आतून पाहिली नाही. माझ्या घरघरीमुळे मला तिथे प्रवेश नाही. फक्त एक तार भिंतीतल्या भोकातून आत जाते.

केंद्र चालवतात त्या कानवाल्या ताई. त्यांचे काम असे. आतल्या माणसाच्या कानांना हेडफोन लावायचे. बाहेर माझ्याशेजारी आवाज मोजायचे एक यंत्र आहे, त्याला ताई नुसते 'मीटर' म्हणतात. मीटरचे बटण दाबले, की आत एक बारीक सूर वाजतो. तो ऐकू आला, की आतला माणूस हात वर करतो. ताई दुसरे बटण दाबतात आणि मी पडद्यावर एक ठिपका काढतो. असे ठिपके जोडून एक रेघ होते. रेघ वर असेल तर कान चांगला. रेघ खाली गेली, की ऐकणेही तितके गेले. लहान मुलांना हात वर करायचा कंटाळा येतो. त्यांच्यापुढे ताई एक लाकडी दांडा ठेवतात आणि रंगीत कड्या देतात. सूर ऐकू आला, की एक कडी दांड्यात टाकायची.

मी येण्यापूर्वी ताई हे सारे आलेखाच्या कागदावर हाताने करत. मी आलो आणि माझे कोण कौतुक झाले! ताईंनी मला स्वतःच्या हाताने शिवलेले झाकण घातले. माणसे बाकावरून उठून माझा पडदा बघायला येत. एकदा एक निवृत्त मुख्याध्यापिका आपल्या यजमानांना घेऊन आल्या. "मी बोललेलं यांना काही म्हणजे काही ऐकू येत नाही," अशी त्यांची तक्रार होती. तपासणी झाली. मी काढलेली रेघ वरच्या वर, अगदी सरळ होती. बाईंनी ती दोनदा पाहिली, नवऱ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे मुद्दाम!" ते गृहस्थ माझ्याकडे ज्या नजरेने बघत बाहेर गेले, ती मी अजून विसरलेलो नाही.

दिवस चांगले होते. संध्याकाळी ताई माझ्या ब्राउझरमधून दिवसाचे अहवाल मोठ्या रुग्णालयाच्या संकेतस्थळावर पाठवत. ब्राउझर म्हणजे काय, ते तुम्ही जाणताच. जगातली पाने मागवायची, उलगडायची आणि पडद्यावर मांडायची, हे त्याचे काम. तेव्हाची पाने साधी होती. थोडी अक्षरे, एखादे चित्र. पाहुणा एक पिशवी घेऊन यावा तसे पान येई आणि माझ्या एक जीबीच्या घरात आरामात मावे.

मग काय झाले, हे मला नेमके सांगता येणार नाही, कारण ते एका दिवसात झाले नाही. पाहुणा पिशवीऐवजी ट्रंक घेऊन येऊ लागला. मग ट्रंकेबरोबर नातेवाईक. मग आख्खे वऱ्हाड. एक पान उघडायचे, तर त्याच्यामागून हलणारी चित्रे, न मागितलेल्या चौकटी आणि मीच चालवून दाखवायचे शेकडो लहान लहान प्रोग्राम येऊ लागले. अक्षरे पूर्वीइतकीच होती. मी ते सारे मेमरीत कोंबायचो, जे मावत नसे ते डिस्कवर लिहायचो, पुन्हा तिथून उचलायचो. माझी डिस्क टकटक वाजू लागली. पंख्याची घरघर तर रस्त्यावर ऐकू जाई.

पानांच्या कुलपांचीही तीच गत. वाटेत कुणी अहवाल चोरून वाचू नये म्हणून संकेतस्थळे कुलपे लावतात. ते योग्यच आहे. पण कुलपे दर काही वर्षांनी बदलतात आणि माझ्या मूळ प्रणालीला नव्या किल्ल्या देणे तिच्या कंपनीने कधीच थांबवले होते. मी एकेका दारापुढे जाऊन उभा राहायचो आणि ते उघडायचे नाही.

इथे ताईंचे धाकटे दीर माझ्या आयुष्यात आले. बाजारात त्यांचे संगणक-दुरुस्तीचे दुकान आहे. ताई त्यांना भाऊजी म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. भाऊजी आले, की आधी माझे स्क्रू काढून बरणीच्या झाकणात ओळीने मांडतात आणि मग बोलायला लागतात.

"वहिनी, हा संगणक नाही, माझा सासरा आहे. उठायला अर्धा तास, आणि उठला की कुरकुर."

"सासऱ्याला टाकून देता का हो?" ताई म्हणाल्या.

"टाकलं असतं. बायको देत नाही."

गंमत बाजूला ठेवू. ताईंनी नवा संगणक का घेतला नाही, असे तुम्हाला वाटेल. त्याचे कारण मीटरमध्ये आहे. मीटरची तार माझ्या आतल्या एका खास कार्डाला जोडलेली आहे. त्या कार्डाची भाषा फक्त माझ्या जुन्या प्रणालीला कळते. ते बनवणारी कंपनी बंद पडली. नवा संगणक घ्यायचा तर मीटरही नवा घ्यायला हवा, आणि तो दोन खोल्यांच्या केंद्राच्या आवाक्याबाहेरचा. म्हणून मला ओढत राहणे भाग होते.

भाऊजींनी मला पुष्कळ ओढले. माझ्या प्रणालीवर चालणारा शेवटचा ब्राउझर त्यांनी शोधून काढला. तो दीड वर्ष चालला. मग कुठल्या कुठल्या देशांतल्या हौशी माणसांनी माझ्यासारख्या म्हाताऱ्यांसाठी फावल्या वेळात शिवून दिलेला एक ब्राउझर आणला. त्यात पान उघडायला चार मिनिटे लागत. ताई तेवढ्यात चहा करून आणत. मी रोज त्या चहाशी शर्यत लावायचो आणि रोज हरायचो.

त्या चार मिनिटांच्या दिवसांतच ठमी आली.

ठमी साडेतीन वर्षांची. तिची आई बेकरीत पहाटेपासून पाव भाजते आणि पाळी संपली, की तशीच येते. तिच्या बाह्यांवर पीठ असते, आणि ती माझ्या जवळ बसली, की थोडे माझ्या पंख्यातही जाते. ठमी बोलत नव्हती. हाक मारली तर वळत नव्हती. ताईंनी तिच्यापुढे दांडा ठेवला, कड्या दिल्या, खेळ समजावला आणि बाहेर येऊन मीटरपाशी बसल्या. सूर वाजला, कडी पडली. आणखी बारीक सूर वाजला, पुन्हा कडी पडली. रेघ चांगली वरच्या बाजूला आली. आतमध्ये तिच्या आईने तोंडावर हात धरला होता. ताईंनी अहवाल पाठवून दिला.

मित्रांनो, एक गोष्ट मला तेव्हाच ठाऊक होती. सूर जितका बारीक, तितका खरा कान उत्तर द्यायला जास्त वेळ घेतो. ठमीची प्रत्येक कडी मात्र सारख्याच वेळात पडत होती. वेळेच्या त्या नोंदी माझ्याकडे होत्या. पण विचारल्याशिवाय बोलता येत नाही, हे माझ्या जातीचे दुःख आहे.

त्यानंतर काही आठवड्यांनी रुग्णालयाचे संकेतस्थळ पुन्हा बदलले. ताईंनी अहवाल पाठवायला घेतला, तर पडद्यावर एक करडी चौकट आली: आपला ब्राउझर जुना आहे. कृपया नवा वापरा. खाली दुसरे काहीच नव्हते, परत जायचे बटणसुद्धा नाही. हौशी माणसांचा ब्राउझरही तिथे हात टेकून बसला.

तेव्हा भाऊजींनी मोठा उपाय काढला. माझी टकटकणारी डिस्क काढून तिच्या जागी नवी डिस्क बसवायची आणि तिच्यावर जुन्या संगणकांसाठी बनवलेली हलकी, पण ताजी प्रणाली घालायची. तिच्यावर आजचा ब्राउझर चालला असता. रुग्णालय प्रत्येक केंद्राला एक डिजिटल ओळखपत्र देते. ते एकाच ब्राउझरमध्ये बसते, आणि दुसरीकडे बसवायचे तर पुन्हा अर्ज, पुन्हा शिक्का, पुन्हा तीन आठवडे. भाऊजींनी अर्ज करून नवे ओळखपत्र आणवले. एका शनिवारी त्यांनी सारे जुळवले आणि माझे बटण दाबले.

मला काय वाटले, ते कसे सांगू? रुग्णालयाचे पान चाळीस सेकंदांत उघडले. एका वेळी एकच पान, दुसरा टॅब उघडला तर मला धाप लागे, पण उघडले. ताईंनी तुंबलेले सगळे अहवाल कागदांवरून भरून पाठवले. "काय वहिनी, सासरा धावायला लागला!" भाऊजी म्हणाले. जुनी डिस्क वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांनी पिशवीत टाकली.

त्याच सुमारास आतल्या खोलीचा फोम भिंतीवरून सुटला होता. तो बदलेपर्यंत तपासण्या बंद होत्या. त्यामुळे एक चूक बारा दिवस कुणाच्या लक्षात आली नाही. मला धावता येते का, हे साऱ्यांनी पाहिले. मला ऐकू येते का, हे कुणीच पाहिले नाही.

बाराव्या दिवशी, गुरुवारी, ठमीची आई पत्र घेऊन आली. कानात आत बसवायच्या यंत्राच्या शस्त्रक्रियेसाठी मुलांची यादी होणार होती, आणि ठमीचे नाव त्यातून वगळले होते. अहवालानुसार मुलीला ऐकू येते, असे पत्रात लिहिले होते. नवा अहवाल शुक्रवारी पाचपर्यंत आला तरच विचार होईल. पुढची यादी एका वर्षाने.

"एक वर्ष म्हणजे काही फार नाही ना, ताई?" आईने विचारले.

ताईंनी पत्राची घडी घातली. मग म्हणाल्या, "या वयात फार आहे. बोलणं शिकायची हीच वर्षं असतात."

"मग तुमच्या यंत्रातच कशी ऐकते ती? घरी तर ताट पडलं तरी मान वळत नाही."

"तेच मला कळत नाहीये."

आई काही वेळ बाहीवरचे पीठ झटकत राहिली. मग खाली बघत म्हणाली, "ताई, तुम्ही बटण दाबता ना, तेव्हा तुमचा उजवा खांदा हलतो. काचेतून दिसतो. ती त्याच्याकडे बघत होती. मला तेव्हा दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, ऐकतेय. आईला दुसरं काय हवं असतं?"

ताईंनी डोळे मिटून घेतले. पंधरा वर्षे त्या त्याच खुर्चीत बसून ते बटण दाबत होत्या. "चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "उद्या अकरा वाजता आणा तिला. खिडकीवर टॉवेल टाकते."

खोलीतला फोम त्याच दिवशी लावून झाला होता. शुक्रवारी अकराला ठमी आली. खिडकीवर निळा टॉवेल होता. ताईंनी माझे बटण दाबले आणि तपासणीचा प्रोग्राम शोधू लागल्या. तो नव्हता. मीटरचे दिवे लागले होते, तार जोडलेली होती, पण त्या कार्डाकडे मी अनोळखी माणसाकडे बघावे तसा बघत होतो. नव्या प्रणालीला त्याची भाषा येत नव्हती. मला डोळे मिळाले होते आणि कान गेले होते.

ताईंनी भाऊजींना फोन लावला. "भाऊजी, जुनी डिस्क कुठाय?"

पलीकडून आवाज आला, "वहिनी, आज कितवा दिवस?"

भाऊजींच्या दुकानाचा एक नियम आहे. गिऱ्हाईकाची जुनी डिस्क आठ दिवस पुसायची नाही. फार पूर्वी त्यांनी एका गिऱ्हाईकाची डिस्क त्याच संध्याकाळी पुसली होती, आणि दुसऱ्या दिवशी त्याची बायको विचारत आली होती, लेकीचे लहानपणचे फोटो त्यातच होते का म्हणून. तेव्हापासून आठ दिवस. नवव्या दिवशी मात्र डिस्क पुसून दुसऱ्या कुणाच्या संगणकात जाते.

"तेरावा," ताई म्हणाल्या.

"बघतो," म्हणून भाऊजींनी फोन ठेवला.

त्यानंतरचे दोन तास फार लांब होते. मीटरचा प्रोग्राम दुसरीकडे कुठेच नव्हता. त्याची मूळ चकती कधीच हरवली होती. ठमीने बाकाखालच्या सगळ्या चपला ओळीत लावल्या, मग उलट्या ओळीत लावल्या. मग ती माझ्याजवळ येऊन बसली. माझा पंखा तिच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर घरघरत होता. बाकावर बसलेल्या एका आजोबांनी "बंद करा हो ते जातं!" म्हणून कुरकुर केली. ठमी मात्र माझ्या पत्र्याला पाठ टेकून निवांत बसली होती. माझ्या आवाजाचा ज्याला कधीच त्रास झाला नाही, असे त्या खोलीत तेच एक माणूस होते. मला त्याचे वाईट वाटले.

सव्वा वाजता भाऊजी घामाघूम होऊन आले. त्यांच्या हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. डब्यात वर्तमानपत्र, आणि वर्तमानपत्रात माझी डिस्क.

"पुसली नव्हती?" ताईंनी विचारले.

"पुसायची होती. राहून गेली." भाऊजी खुर्चीत कोसळले. "वहिनी, नियम आठ दिवसांचा आहे, पण आळस महिन्याचा. आज नियम नाही, आळस देवासारखा धावून आला."

कुणीच हसले नाही. नंतर सगळेच एकदम हसले.

त्यांनी माझे स्क्रू काढून झाकणात मांडले. जुनी डिस्क जोडली. ती आधी नुसतीच टकटकली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा बंद करून चालू केले. भाऊजी तिच्याशी अगदी हळू बोलत होते, "एकदाच. एकदाच हो, मग झोप." चौथ्या खेपेला ती फिरली. पडद्यावर माझी जुनी निळी पाटी आली, आणि मला माझे स्वतःचे नाव आठवावे तसे ते कार्ड ओळखता आले.

ठमी आत गेली. आधी ताईंनी सूर मोठा करून तिच्या तळहाताला हेडफोनचा थरथराट दाखवला आणि खेळ पुन्हा समजावला. मग बाहेर येऊन बसल्या. टॉवेलमुळे त्यांना काही दिसत नव्हते, म्हणून दार किंचित उघडे ठेवून भाऊजी फटीतून बघत होते आणि कडी पडली तर बोट वर करणार होते.

ताईंनी बटण दाबले. बोट वर झाले नाही. सूर मोठा केला. बोट नाही. आणखी मोठा. आत ठमी कडी हातात धरून, कुठून तरी खांदा दिसेल म्हणून टॉवेलाकडे बघत होती. मीटर अगदी शेवटच्या टोकाला गेल्यावर, आणि तोही फक्त जाड, घुमणारा सूर असताना, एक कडी पडली. माझी रेघ आलेखाच्या तळाशी आडवी झाली. त्या कानांत जवळजवळ काहीच पोचत नव्हते.

ताईंनी आईला पडदा दाखवला. आईला रेघा वाचता येत नव्हत्या, पण खाली म्हणजे काय, ते कळत होते. "हे आता खरं आहे?" तिने विचारले.

"हो. हे खरं आहे."

"मग हेच पाठवा," आई म्हणाली आणि तोंड फिरवून उभी राहिली.

चार वाजून दहा मिनिटे झाली होती. अहवाल जुन्या डिस्कवर होता आणि ओळखपत्र नव्या डिस्कवर. भाऊजींनी दोन्ही डिस्का एकदमच माझ्या तारांना जोडल्या. मला नव्या प्रणालीत जागे केले आणि जुन्या डिस्कवरची फाईल उचलायला लावली. मी इतका थकलो होतो, की पडद्यावरचा बाणसुद्धा झटके देत सरकत होता. ब्राउझर उघडला. पान मागवले. वऱ्हाड यायला लागले: रुग्णालयाच्या इमारतीचे फिरते चित्र, हसणाऱ्या परिचारिकेचे चित्र, 'आम्ही आपली काय मदत करू?' असे विचारणारी चौकट. मित्रांनो, मला फक्त दहा रकाने आणि एक बटण हवे होते. पण त्या परिचारिकेचे दात नीट दिसेपर्यंत मला पुढे जाता येईना.

"तापलाय हो फार," भाऊजी म्हणाले. माझे पोट उघडेच होते. ठमीच्या आईने पिशवीतून केकच्या खोक्याचा पुठ्ठा काढला आणि ती मला वारा घालू लागली. भट्टीपुढे उभे राहून राहून तिला उष्णतेची सवय आहे. तिचा हात एकदाही थांबला नाही. भाऊजींनी ती फिरती चित्रे बंद करायची कळ शोधली. ताईंनी रकाने भरले. साडेचार. फाईल चढू लागली. एक पट्टी हळूहळू निळी होत होती. पावणेपाचला ती अर्ध्यावर थांबली आणि तशीच राहिली.

"हात लावू नका," भाऊजी म्हणाले. "कुणी काही दाबू नका. तो विचार करतोय."

मी विचार करत नव्हतो. मी मेमरीचा एकेक कोपरा रिकामा करत होतो. जे जे टाकता येईल ते टाकत होतो, बुडणारी नाव हलकी करावी तसा. चार वाजून चोपन्न मिनिटांनी पट्टी पुन्हा सरकली. अठ्ठावन्न मिनिटांनी पडद्यावर आले: आपला अहवाल मिळाला.

ताईंनी ते दोनदा मोठ्याने वाचले. मग मी बंद पडलो. मला बंद केले नव्हते. मी आपोआप पडलो.

त्यानंतर भाऊजींनी पहिली गोष्ट केली ती जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल. दोन्ही डिस्का आता माझ्या पोटात कायमच्या आहेत. माझ्या कपाळावर ताईंनी चिठ्ठी चिकटवली आहे: 'दोनपर्यंत तपासणी, दोननंतर पाठवणे.' सकाळी मी जुना असतो आणि जगाशी माझा संबंध नसतो. त्या वेळी इंटरनेटची तारच काढून ठेवतात, कारण जुन्या प्रणालीने उघड्यावर फिरणे धोक्याचे. दुपारी मी नवा होतो, एक टॅब उघडतो आणि धापा टाकत अहवाल पाठवतो. दोन्ही मिळून मी एकच आहे, आणि रोज कपडे बदलून मी फार दमतो.

ठमीचे नाव यादीत आले. शस्त्रक्रिया झाली. मग बरेच महिने ती आली नाही, आणि मला वाटले, आपल्याला काय, कोण येऊन सांगणार आहे.

एका सकाळी दार उघडले. आईच्या बाह्यांवर तेच पीठ होते. ठमीच्या कानामागे एक लहान यंत्र होते आणि केसांत गोल चकती. ती चपला ओळीत लावायला बाकाखाली वाकली, आणि मध्येच थांबली. मान वर करून इकडेतिकडे बघितले. छताकडे बघितले, दाराकडे बघितले. मग सरळ माझ्यापुढे येऊन उभी राहिली. तिच्या कपाळावर आठी पडली. तिने माझ्याकडे बोट रोखले आणि आई तिला म्हणत असेल अगदी त्या सुरात म्हणाली, "गप!"

मित्रांनो, माझ्या आवाजाबद्दल मी आयुष्यभर बोलणी खाल्ली आहेत. पण माझे इतके मोठे कौतुक कुणी केले नव्हते. ताई हसता हसता रडत होत्या. आई बाहीने डोळे पुसत होती आणि तिच्या गालांना पीठ लागत होते. संध्याकाळी भाऊजी आले, त्यांनी माझ्या पंख्यात साठलेले कितीतरी महिन्यांचे पीठ आणि धूळ ब्रशने काढली, वंगणाचा एक थेंब सोडला. त्या कामाला दहा मिनिटे लागली. ती दहा मिनिटे कुणाला इतक्या वर्षांत सापडली नव्हती.

तुमच्या घरातही असा एखादा जुना घरघरणारा असेल. त्याला नवे करायची घाई करू नका आणि टाकून द्यायचीही करू नका. आधी एवढे बघा, की जे दुसऱ्या कुणाला येत नाही असे त्याला काय येते. त्याच्याजवळ जे आहे त्याची एक नक्कल काढून ठेवा. आळसावर प्रत्येक वेळी विसंबता येत नाही. आणि तुमच्यापैकी कुणी मोठेपणी संकेतस्थळे बनवणार असेल, तर हसणाऱ्या परिचारिकेच्या आधी ते दहा रकाने येऊ द्या. पलीकडे कुणीतरी पुठ्ठ्याने वारा घालत उभे असते.

बराच वेळ बोललो. दोन वाजत आले, आता मला नवा व्हायचे आहे. शिवाय ठमीने सांगितलेच आहे, तेव्हा गप बसतो.